नाश्त्याच्या टेबलावरचं वाक्य

हॅरो
रविवार, १२ मार्च १९९५

प्रिय रेचल,

आज सकाळी तू फोन केलास तेव्हा डोकं दुखतंय म्हणून मी लवकर ठेवला. डोकं दुखत नव्हतं. तू तुमच्या ऑफिसातल्या हॅनलीसाहेबांच्या केसबद्दल बोलायला लागलीस, म्हणून ठेवला. ठेवल्यावर मी जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. मग विचार केला, बोलायला गेले तर तू मधेच प्रश्न विचारशील आणि मी नको ते बोलून जाईन. कागद मधे तोंड घालत नाही. म्हणून हे पत्र.

मराठीत लिहिते आहे त्यालाही कारण आहे. तू जोडाक्षरांपाशी अडखळशील, शब्द बोटाखाली धरून वाचशील, हे मला माहीत आहे. पण हे पत्र तू सावकाशच वाचायला हवंस. शिवाय ब्रिस्टलच्या तुझ्या ऑफिसात ते कोणाच्या टेबलावर पडलं तरी कोणाला कळणार नाही. तू स्वतःहून सांगितल्याशिवाय कोणाला कळू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

इकडे सगळं ठीक आहे. मेट्रोपॉलिटन लाइनच्या ट्रेन्स या आठवड्यात रोज रखडल्या, लॅबमध्ये दोनदा उशीर झाला. शनिवारी सिनेगॉगमध्ये सियोनमामा भेटले. तू बॅरिस्टर झालीस असं ते सगळ्यांना सांगत सुटले आहेत. अहो, ती सॉलिसिटर होणार आहे, कोर्टात बोलणारी नाही, कागद तयार करणारी वकील, आणि अजून शिकाऊ आहे, असं मी तिसऱ्यांदा सांगितलं, तर म्हणाले, तेच ते, कोर्टात उभी राहते ना? मला हॅनलीसाहेबांच्या आईची आठवण झाली. तू सांगितलं होतंस ना, कॉर्कमध्ये ती म्हातारी अजून शेजाऱ्यांना म्हणते की माझा कॉनर डब्लिनला जज झाला असता, पण इंग्लंडच्या बोटीत बसला आणि बिघडला. आयर्लंडमध्ये मुलगा पाद्री झाला तर आई देवाजवळ, बॅरिस्टर झाला तर शेजारणींच्या वर, आणि सॉलिसिटर झाला तर चालून जातं, असं ते तुला म्हणाले होते. तू फोनवर हे सांगताना खूप हसलीस. मीही हसले. त्या दिवशी नोव्हेंबरचा पहिला रविवार होता, आणि हसण्याच्या पुढच्याच वाक्यात तू मला नाव सांगितलंस. फिन्टन लेनिहन. हॅनलीसाहेबांनी त्याची केस घेतली आहे, होम ऑफिसने ती पुन्हा कोर्ट ऑफ अपीलकडे पाठवली आहे, आणि जुन्या खटल्याचे कागद लावायचं काम तुला दिलं आहे. एकोणीस पेट्या आहेत, म्हणालीस.

तेव्हापासून दर रविवारी मी तुला विचारते, कुठल्या पेटीपर्यंत आलीस? तुला वाटतं आईला माझ्या कामात किती इंटरेस्ट आहे. तू कौतुकाने सांगतेस. पाचवी, आठवी, अकरावी. आणि फोन ठेवला की मी देवाचे आभार मानते की या आठवड्यात तरी नाही. कारण त्या पेट्यांमध्ये कुठेतरी एका कागदावर बारा नावं आहेत. ऑक्टोबर १९८३मध्ये फिन्टन लेनिहनच्या खटल्यात जी ज्यूरी बसली होती तिची. त्यातलं सातवं नाव सिमा एझरा पेणकर असं आहे.

थोडं थांब. पाणी पी. मग पुढे वाच.

तू तेव्हा अकरा वर्षांची होतीस. आपण त्या दुसऱ्या गावात राहायचो. त्याचं नाव तुला माहीत आहे, मी इथे लिहीत नाही. तुला आठवत असेल, आठवडाभर तुला शाळेतून आणायला पप्पा येत होते आणि आई एका कोर्सला गेली आहे असं तुला सांगितलं होतं. कोर्स नव्हता. मला कोर्टाचं पत्र आलं होतं. मला किती अभिमान वाटला होता म्हणून सांगू! भायखळ्याच्या चाळीतली मुलगी, आणि राणीच्या कोर्टात बसून न्याय करायला बोलावलं. मी साडी नेसून गेले. ती जांभळ्या काठांची होती ना, ती. पप्पा म्हणाले, अगं, लग्नाला चाललीस का?

मला तो खटला कळायला लागायच्या आधीपासून एका व्यक्तीमुळे कोर्टाची गोडी लागली होती. नोरा. तुला नोरामावशी आठवते का? मुलांच्या वॉर्डातली नर्स, लालसर केसांची, तुला टॉफ्या द्यायची. ती आणि मी रोज हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये एकत्र जेवायचो. ती आयर्लंडमधल्या स्लायगोची. तिच्या लहानपणी महिन्यातून एकदा जवळच्या बाजारगावात जज यायचा आणि तिचे वडील गाय विकायला जावं तसे मुद्दाम कपडे करून कोर्ट बघायला जायचे. कोणाची मेंढरं कोणाच्या शेतात शिरली, कोणत्या पबमध्ये वेळेनंतर दारू दिली, कोणी विनापरवाना कुत्रा पाळला. रात्री जेवताना ते दोन्ही बाजू मांडायचे, साक्षीदारांच्या नकलांसकट. पण जजने काय निकाल दिला ते सांगायचे नाहीत. आधी घरातल्या प्रत्येकाने, अगदी सहा वर्षांच्या नोरानेही, आपापला निकाल द्यायचा आणि का ते सांगायचं. मगच जजचा निकाल कळायचा. नोरा म्हणायची, कायदा इंग्रजांनी आमच्याकडे विसरून ठेवला, पण आम्ही तो इतका वापरला की आता तो आमच्याच घरचा वाटतो. तिच्यामुळे मीही कँटीनमध्ये निकाल द्यायला शिकले. पेपरातली केस ती वाचायची आणि आम्ही दोघी डब्यावर डबा ठेवून जज व्हायचो.

पण कुठे आयरिश बंडखोरांचा बॉम्ब फुटला की दुसऱ्या दिवशी ती कँटीनमध्ये तोंड उघडायची नाही. नुसती मान हलवायची. मी विचारलं तेव्हा कुजबुजली, माझं बोलणं ऐकलं की लोक खुर्ची सरकवतात, सिमा. तुझा तरी रंग दिसतो, मी काही बोलेपर्यंत त्यांना कळतच नाही, आणि कळलं की त्यांना फसवल्यासारखं वाटतं. त्या वेळी मला तिचं दुःख कळलं असं वाटलं होतं. किती कळलं होतं ते पुढे दिसलं.

पहिल्या दिवशी कोर्टात आम्हाला एकेक करून बोलावलं. तेव्हा बचावाच्या वकिलाला कारण न सांगता तीन जणांना नको म्हणता यायचं. आता तो नियम नाही, हे तूच मला सांगितलंस. त्याने दोघा पुरुषांना उठवलं. मग माझं नाव आलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, साडीकडे पाहिलं, मी शपथेसाठी जुना करार मागितला आणि पदर डोक्यावर घेतला ते पाहिलं, आणि मान हलवून मला बसू दिलं. तो काय विचार करत होता हे मला आजपर्यंत स्वच्छ दिसतं. ही बाई बाहेरची आहे. बाहेरच्या माणसाला बाहेरचं माणूस समजेल.

केस तू आता माझ्यापेक्षा जास्त जाणतेस. मजुरांच्या लॉजिंग हाउसला आग लागली, वरच्या खोलीतला म्हातारा केअरटेकर गेला. फिन्टनचं त्याच्याशी भांडण झालं होतं, त्याने याला आठवड्यापूर्वी बाहेर काढलं होतं. फिन्टनने पोलीस स्टेशनमध्ये दोन दिवसांनी कबुलीवर सही केली आणि नंतर म्हणाला, मी नाही, मी त्या वेळी एका मित्राकडे झोपलो होतो. मित्र आयर्लंडला पळून गेला होता, साक्षीला आला नाही. फिन्टन सव्वीस वर्षांचा होता. पिंजऱ्यात उभा राहिला की त्याला हात कुठे ठेवायचे ते कळायचं नाही. सरकारी वकील बोलत असताना तो आमच्याकडे बघायचा, त्यांच्याकडे नाही. जणू आम्हीच त्याचे पाहुणे होतो आणि आम्हाला काय हवं-नको ते बघायचं काम त्याचं होतं.

चौथ्या दिवशी दुपारी जजने आम्हाला विचार करायला पाठवलं. संध्याकाळपर्यंत निकाल झाला नाही. तेव्हा ज्यूरीला घरी जाऊ देत नसत, म्हणून आम्हाला एका हॉटेलात नेलं. बरोबर दोन बेलिफ, म्हणजे ज्यूरीवर लक्ष ठेवणारे कोर्टाचे शिपाई, होते. त्यांनी आमच्यासमोरच कोर्टात शपथ घेतली होती की ज्यूरीशी कोणालाही बोलू देणार नाही आणि स्वतःही खटल्याबद्दल बोलणार नाही. शपथ मला तोंडपाठ झाली होती, कारण मला असल्या गोष्टी आवडायच्या.

ज्यूरीच्या बंद खोलीत आम्ही काय बोललो, कोण काय म्हणालं, कोणी कुठे हात वर केला, हे मी तुला सांगणार नाही. सांगणं गुन्हा आहे, आणि माझ्या मुलीने कायद्याच्या धंद्यात पहिल्याच वर्षी आईकडून तो गुन्हा करून घेतला असं व्हायला नको. पण नाश्त्याचं टेबल ही ती खोली नव्हती. हे मी आता वकिलाला विचारून लिहिते आहे.

सकाळी पावणेआठला आम्ही खाली आलो. मी, एक शाळामास्तर आणि एक दुकानात काम करणारी मुलगी, असे तिघं एका टेबलाशी होतो. दोन बेलिफांपैकी वयस्कर होता तो चहाची किटली घेऊन आमच्यापाशी बसला. चांगला माणूस होता, रेचल. त्याने आदल्या दिवशी मला शाकाहारी जेवण मिळावं म्हणून किचनमध्ये जाऊन सांगितलं होतं, कोशरची, आपल्या खाण्याच्या नियमांची भानगड त्याला मी समजावली होती आणि त्याने ती नीट ऐकून घेतली होती. तो टोस्टला लोणी लावत म्हणाला, तुम्ही लोक फार वेळ घेताय. मग आवाज खाली करून म्हणाला, तुम्हाला जे सांगायची परवानगी नाही ते तुम्हाला कळलं असतं तर एवढा वेळ लागला नसता. त्या लेनिहनचा भाऊ आत आहे, बेलफास्टला. कशासाठी ते मी सांगायला नको. आणि उठून गेला.

मास्तरांनी कपात साखर घातली. मुलीने मुरंब्याची बाटली पुढे ओढली. माझ्या तोंडात टोस्टचा तुकडा होता, तो मी गिळला.

ते वाक्य ज्यूरीच्या खोलीत गेलं की नाही, हे मी लिहू शकत नाही. माझ्या डोक्यात गेलं, एवढं लिहू शकते, कारण माझं डोकं अजून माझं आहे. तोपर्यंत तो मला हात कुठे ठेवायचे ते न कळणारा मुलगा दिसत होता. त्या सकाळी कोर्टात परत गेलो तर तेच हात मला वेगळे दिसले. मला वाटलं, हे हात लपवतोय. एका रात्रीत त्या मुलाचे हात बदलले नव्हते गं.

दुपारी बाराच्या सुमाराला निकाल झाला, दोषी. फोरमनला सगळ्यांसमोर विचारलं, किती जणांचा? तो म्हणाला, दहा विरुद्ध दोन. तेवढं उघड आहे, तुझ्या पेट्यांमध्येही असेल. फिन्टनने आकडा ऐकला आणि आमच्या दोन्ही रांगांवरून नजर फिरवली, एकेक चेहऱ्यावर थांबत. ते दोघं कोण ते तो शोधत होता. माझ्यापाशी येऊन त्याची नजर थांबली. मी खाली पाहिलं.

जन्मठेप झाली. घरी आले तर पप्पांनी तुला शेजारी पाठवलं होतं. मी त्यांना बेलिफचं वाक्य सांगितलं. म्हटलं, हे कोणाला तरी कळवायला हवं. त्यांनी खिडकी लावून घेतली. मग म्हणाले, सिमा, आपण या देशात पाहुणे आहोत. यजमानाच्या घरातलं फुटकं भांडं पाहुण्याने उचलून दाखवायचं नसतं. आणि भाऊ खरंच आत असेल तर? मग तू कोणासाठी तोंड उघडणार? त्यांना दोष देऊ नकोस. त्यांनी जे म्हटलं तेच मला ऐकायचं होतं.

सोमवारी मी कामावर गेले. नोरा कँटीनमध्ये होती. मी ज्यूरीवर आहे हे तिला माहीत होतं, आणि पेपरात केस आली होती. तिने डबा उघडला नाही. तिने मला विचारलं, सिमा, तू त्या दहांतली की दोघांतली? मी म्हटलं, मला सांगता येत नाही, कायदा आहे. ती म्हणाली, मला माहीत आहे कायदा आहे. आमच्या घरात कायदा जेवायला बसायचा. मी कायद्याला विचारत नाहीये, तुला विचारते आहे. मी माझा डबा उघडायला लागले. तिने माझ्याकडे बघितलं, त्या मुलाने बघितलं होतं तितकाच वेळ, आणि डबा उचलून दुसऱ्या टेबलावर गेली. पुढचे पाच महिने आम्ही एकाच कँटीनमध्ये वेगवेगळ्या टेबलांवर जेवलो. ती कोणाशी माझ्याबद्दल वाईट बोलली नाही. त्याचाच जास्त त्रास झाला.

तू कितीदा विचारलंस, आपण तिथून हॅरोला का आलो? तुझी मैत्रीण तुटली म्हणून तू रडलीस, पप्पांवर रागावलीस, की त्यांना नवी नोकरी हवी होती. पप्पांना नवी नोकरी नको होती. तिथे ते डिझाइन ऑफिसमध्ये सिनियर होते, इथे येऊन त्यांनी हाताखालची जागा घेतली आणि सगळ्यांना सांगितलं की लंडनमध्ये आपली माणसं आहेत, मुलीला सिनेगॉग हवं. ते माझ्यासाठी आले. मला त्या कँटीनमध्ये जेवण जाईना. त्यांनी मरेपर्यंत तुझा राग स्वतःवर घेतला आणि खरं कारण सांगितलं नाही. हे तुला आता तरी कळायला हवं, म्हणून लिहिलं.

पुढे तू शाळेत असताना आणि मग युनिव्हर्सिटीत गेलीस तेव्हा, टीव्हीवर वर्षानुवर्षं चुकीने आत राहिलेली आयरिश माणसं कोर्टाच्या दारातून बाहेर येताना दाखवायचे. सगळा देश बघायचा. तू टीव्हीपुढे जमिनीवर बसून ओठ चावत बघायचीस, आणि एका संध्याकाळी म्हणालीस, आई, मी हेच करणार. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले. पण तेव्हाही माझ्यापाशी एक आधार होता. मी स्वतःला सांगायचे, हा मुलगा त्यांच्यातला नाही. त्याचा भाऊ आत आहे. बेलिफने चूक केली, शपथ मोडली, पण सांगितलं ते खरं होतं. एवढ्या एका वाक्यावर मी अकरा वर्षं झोपले.

आणि मग तीन रविवारांपूर्वी तू फोनवर उत्साहात होतीस. हॅनलीसाहेबांबरोबर तू त्याला भेटायला तुरुंगात गेली होतीस. त्याचे केस पांढरे झाले आहेत, म्हणालीस. तो मित्र आता साक्ष द्यायला तयार आहे, पण दारूडा आहे, जज त्याच्यावर विश्वास ठेवतील असं हॅनलीसाहेबांना वाटत नाही. मी न राहवून विचारलं, घरी कोण आहे त्याच्या? तू म्हणालीस, आई, आयर्लंडात लीट्रिमला म्हातारी. आणि तीन बहिणी. मी म्हटलं, आणि भाऊ? तू म्हणालीस, भाऊ नाही त्याला. कधीच नव्हता. का?

मी म्हटलं, सहज.

त्यानंतर तू पंधरा मिनिटं बोललीस. मला एक अक्षर आठवत नाही.

दोन आठवडे मी काय केलं ते सांगून तुला रडवत नाही. लॅबमध्ये नमुन्यांची लेबलं तीनदा तपासायला लागले. दारात पोस्टमन आला की मी आतल्या खोलीत जायचे. कधी वाटायचं, बेलिफ आता हयात नसेल, मास्तर नसतील, माझ्या शब्दाला कोण विचारतो? कधी वाटायचं, मला शिक्षा होईल, एवढी वर्षं लपवलं म्हणून. आणि सगळ्यात जास्त तुझी भीती. तू त्या कामात किती रमली आहेस! तुझी पहिली केस, आणि तिच्या मुळाशी तुझी आई. कधी हेही वाटलं की गप्प बसावं, तू आणि हॅनलीसाहेब हुशार आहात, माझ्याशिवाय जिंकाल. मग तो दारूडा मित्र आठवायचा.

शेवटी मागच्या सोमवारी मी हरीश रेग्यांकडे गेले. आपल्या घराचे कागद केले ते. त्यांच्या हाय स्ट्रीटवरच्या ऑफिसात बसले आणि मला बोलताच येईना. त्यांनी चहा मागवला. मी सुरुवात केली तशी त्यांनी दोन्ही हात वर केले. सिमाताई, मी घरं विकणारा आणि घरं घेणारा सॉलिसिटर आहे, म्हणाले, पण एवढं मलाही कळतं. त्या खोलीतलं एक अक्षर मला सांगू नका. फक्त नाश्त्याचं सांगा. मी नाश्त्याचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग त्यांनी माझ्यादेखत एका ओळखीच्या क्रिमिनलवाल्या वकिलाला फोन केला, माझं नाव न घेता. त्याने सांगितलं, बाहेरच्या माणसाने ज्यूरीच्या कानात काही घातलं असेल तर ते सांगता येतं. ते दडवायला कायदा सांगत नाही. पण हे बचावाच्या वकिलांना सांगायचं नाही, थेट कोर्ट ऑफ अपीलला लिहायचं, आणि पुढे काय विचारायचं, कोणाला विचारायचं, ते जज ठरवतील. त्याचा उपयोग होईलच असं नाही, हेही तो म्हणाला. मी विचारलं, अकरा वर्षं गप्प बसले त्याचं काय? हरीश म्हणाले, ते तुम्हाला विचारतील. तुम्ही खरं सांगा. त्याहून चांगला सल्ला माझ्याकडे नाही, आणि याची फी घेत नाही.

तर रेचल, मी ते पत्र लिहिलं आहे. बेलिफ, टेबल, वेळ, वाक्य, आणि माझी सही. शुक्रवारी हरीशनी ते रेकॉर्डेड डिलिव्हरीने पाठवलं. उद्या ते लंडनच्या कोर्टात कोणीतरी उघडेल, आणि तिथून ते दोन्ही बाजूंच्या वकिलांकडे जाईल, म्हणजे हॅनलीसाहेबांच्या टेबलावर. त्यांनी वर माझं नाव वाचून तुझ्याकडे मान वळवण्याच्या आधी तू स्वतः त्यांच्याकडे जावंस, म्हणून आज बसून हे लिहिलं. मंगळवारी हे हातात पडलं की लगेच त्यांची केबिन गाठ. दार लावून सांग की त्या ज्यूरीत माझी आई होती आणि मला आजच कळलं. बाकी काही सांगू नकोस, कारण तुला बाकी काही माहीत नाही. ते तुला या केसवरून काढतील. काढायलाच हवं. कदाचित तुझ्यावर रागावतील, कदाचित नाही, पण त्या मुलाच्या बाजूने तुझं जेवढं काम झालं आहे ते कोणाला पुसता येणार नाही. माझ्यावर रागावलीस तर फोन करू नकोस, मी वाट बघेन. नोराचा पत्ता मी शोधते आहे. आणि एक गोष्ट मला आयुष्यात विचारू नकोस, मी दहांतली की दोघांतली. इतर कोणालाही मी सांगणार नाही. पण तू विचारलंस तर मी सांगेन, आणि मग आपण दोघीही गुन्हेगार होऊ.

तुझीच,
आई